तार तुटली की छपरावरचा सूर्यही बंद

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सौरऊर्जेचे फायदे सांगणारे पत्रक कृपया आता पाठवू नका. ते आम्हाला पाठ झाले आहे. तीन किलोवॉट, महिन्याला साडेतीनशे युनिट, ७८,००० रुपये अनुदान, वीजबिल शून्य. पण मालवण तालुक्यातल्या आमच्या कट्टा गावातल्या माणसाचे रडगाणे बिलाचे नाही. वादळात माड तारेवर पडतो, लाइट जाते, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडते आणि छपरावर दीड-दोन लाखांची पॅनेले मिरवणारा माणूस शेजारी मेणबत्ती मागायला जातो. त्याची पॅनेलेही बंद! शेजाऱ्याने निदान कर्ज तरी काढलेले नसते.

असे का होते, हे आपल्या खात्यातला कोणताही अभियंता एका मिनिटात सांगेल. अनुदानातून बसतो तो साधा इन्व्हर्टर तारेतल्या विजेच्या आधारावर चालतो. तारेत वीज नसेल तर त्याने बंदच पडायचे, असा नियम आहे, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला आमच्या छपरावरून उलट आलेल्या विजेचा झटका बसता कामा नये. नियम रास्त आहे. त्या वायरमनला भर पावसात रात्री दोन वाजता खांबावर चढताना आम्ही पाहतो. तक्रार त्याच्याबद्दल नाही. तक्रार अशी की यावर उपाय असूनही योजनेने तो खिजगणतीत धरलेला नाही. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवली की लाइट जाताच घर तारेपासून आपोआप तुटते आणि स्वतःच्या उन्हावर चालत राहते. वायरमनही सुरक्षित, घरही उजेडात.

आता या उपायाला सरकारने किती पैसे ठेवले ते बघा. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ची. तरतूद ७५,०२१ कोटी रुपये, उद्दिष्ट एक कोटी घरे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणून ७८,०००. बॅटरीला? शून्य. हवी तर बसवा, मनाई नाही, पैसे तुमचे. म्हणजे ज्याला बिल वाचवायचे आहे त्याला मदत, आणि ज्याला वादळानंतर घरात दिवा हवा आहे त्याला शुभेच्छा.

याच योजनेत पहाडी आणि ईशान्येकडील राज्यांना, शिवाय अंदमान आणि लक्षद्वीपला पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३३,००० मिळतात. तीन किलोवॉटला ८५,८००. मुलूख अडचणीचा म्हणून. छान, त्यांना मिळावेतच. पण मग आमची अडचण कोणत्या रकान्यात बसते? नोव्हेंबर २००९मध्ये फयान चक्रीवादळ आले. ३ जून २०२०ला निसर्ग रायगड जिल्ह्यावर आदळले. १६ मे २०२१ला तौक्ते आमच्या दारावरून गेले आणि गावेच्या गावे दिवसचे दिवस काळोखात राहिली. पंप बंद, मोबाइलचे टॉवर बंद. विहिरीत पाणी तुडुंब, पण ते पुन्हा रहाटाने ओढायची वेळ आली. आणि हे फक्त नाव असलेल्या वादळांचे झाले. बिननावाचा वारा जून ते सप्टेंबर आठवड्याला येतो.

खर्च फार होईल, असे सांगाल म्हणून हिशोबही मीच करून देतो. काळोखात घराला लागते काय? नऊ वॉटचे चार दिवे, म्हणजे ३६. एक पंखा ७५. मोबाइल आणि राउटर धरून ३०. झाले १४१ वॉट. संध्याकाळचे सहा तास चालवले तर पाऊण युनिटाच्या थोडे वर. दोन युनिट साठवणारी बॅटरी असेल तर दोन संध्याकाळी निघतात. भरायला ऊन किती लागेल? सरकारी हिशोबाने एक किलोवॉट दिवसाला चार युनिट देतो, म्हणजे दोन किलोवॉट आठ. ढगांमुळे ते चौथाईवर आले तरी दोन युनिट होतात. बॅटरी भरली!

आता मागणी. आमच्याकडे महिन्याला शंभर युनिटही न जाळणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांना तिसरा किलोवॉट घेऊन करायचे काय? नारळ, सुपारी, आंब्याच्या सावलीतून वाचलेल्या कौलारू छपरावर तेवढी जागाही नसते. अशा घराने दोनच किलोवॉट घेतले तर तिसऱ्याचे १८,००० त्याला बॅटरीसाठी द्या. ७८,०००चे ७८,०००च राहतात, दिल्लीच्या तिजोरीतून घरामागे ठरलेल्या कमाल अनुदानापेक्षा एक रुपयाही जादा जात नाही. योजना केंद्राची आहे, हे आम्हालाही कळते. तिथे आपले वजन वापरा. ते होईपर्यंत किनारपट्टीच्या तालुक्यांपुरते हे पैसे राज्याने घालावेत.

बॅटरी अजून प्रयोगात आहे असे कोणी सांगू लागला तर त्याला गुजरातेत मोढेऱ्याला पाठवा. ऑक्टोबर २०२२मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ते देशातले पहिले चोवीस तास सौर गाव म्हणून जाहीर केले. १,३००हून अधिक छपरांवर पॅनेले, जवळच सहा मेगावॉटचा प्रकल्प, आणि त्याला पंधरा मेगावॉट-तासांची बॅटरी. ज्या मुलखात पाऊस बेताचा, तिथे बॅटरी. जिथे पाऊस माजतो, तिथे मेणबत्ती. पोर्तो रिकोत २०१७च्या मारिया वादळानंतर शेवटच्या घरात वीज यायला जवळपास वर्ष गेले. तिथल्या लोकांनी मग छपरावर पॅनेल आणि घरात बॅटरी असा धडाकाच लावला. आम्ही आणखी किती वादळे मोजायची?

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणे घालताना प्रत्येक वाक्याला मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गावोगावच्या अर्जांचेही तसेच होते. आम्ही मांडायचे, टेबलापलीकडच्याने मान डोलवायची. फरक एवढाच, की देवळात शेवटी कौल तरी मिळतो, उजवा नाही तर डावा.

आणि कोकणाला वीज नको असते, हे ऐकून कान किटले आहेत. दाभोळला एन्रॉन कंपनी आणली आपणच, आणि तिची वीज परवडत नाही म्हणून २००१मध्ये घेणे थांबवले तेही आपल्याच वीज मंडळाने. देवगडात गिर्ये-मुणगे भागात कोळशाचे ४,००० मेगावॉट येणार होते. राखेने हापूस जाईल म्हणून बागायतदार उठले, तर ते विकासविरोधी ठरले. जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या अणुप्रकल्पासाठी फ्रान्सशी करार डिसेंबर २०१०मध्ये झाला, अजून एक युनिट नाही. देशातल्या पहिल्या पवनचक्क्यांपैकी काही १९८६च्या सुमारास देवगडच्याच सड्यावर फिरत होत्या. ‘अपारंपरिक ऊर्जा’ आम्हाला नवीन नाही, साहेब. हजारो मेगावॉटची स्वप्ने आमच्या किनाऱ्यावर उतरवताना कोणाचा हात आखडत नाही. दोन युनिटांची बॅटरी मागितली की फाइल हलत नाही.

आणखी एक, लहानसे. नेट मीटरिंगचा हिशोब ३१ मार्चला मिटवतात आणि उरलेली युनिटे कमी दराने घेऊन टाकतात. आमचे ऊन ऑक्टोबर ते मे, काळोख जून ते सप्टेंबर. हिवाळ्यात साठवलेले मार्चमध्ये कापून घेतले तर पावसाळ्यात आम्ही वापरायचे काय? किनाऱ्यापुरते हे वर्ष ३० सप्टेंबरला संपवा. हे काम वीज नियामक आयोगाचे आहे, हेही माहीत आहे. तिथे प्रस्ताव तरी न्या.

उत्तर द्यायचे झाल्यास ‘आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे’ हे वाक्य वगळून द्यावे. शासन निर्णय निघाला तर उत्तमच. मे महिन्याच्या आत निघावा, कारण वादळे तेव्हाच सुरू होतात.

एक वीजग्राहक,
कट्टा, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग