पदवी आपल्या मुलींची, परवान्याच्या दारात एजंट

बीएस्सी नर्सिंग झाले, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळाली, तरी तेवढ्यावर ब्रिटनमध्ये नर्स होता येत नाही. आयईएलटीएसला ७ बँड, लेखनात ६.५, किंवा ओईटी. शिवाय संगणकावरची सीबीटी आणि तिथे जाऊन ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा.

मराठी शाळेतून आलेल्या आपल्या मुली रुग्णसेवेत कमी पडत नाहीत, इंग्रजीपाशी अडतात. तिथेच एजंट गाठतो. ब्रिटनच्या भरती संहितेनुसार तर उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेताच येत नाही!

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरच कोलंबियाला गेले. आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, परवान्याच्या परीक्षांसाठी नाही. हा खर्च सरकारने उचलावा, ही मागणी लावून धरू. तोवर विहारात इंग्रजीचे वर्ग सुरू करू. जय भीम!