रग थोडी जिरवा!

मोटोक्रॉसची टू-स्ट्रोक गाडी जंगलवाटेवर नेली की पहिल्याच दगडाळ चढावर फजिती होते. अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडला की इंजिन बंद, जरा जास्त पिळला की मागचे चाक जागीच फिरते आणि चिरंजीव जमिनीवर! दोष सगळा त्यांचा नसतो. यामाहा वायझेड २५० सारखी गाडी शर्यतीसाठीच बनवलेली. इंजिन वेगात आले की तिची ताकद एकदम उसळते.

उपाय आहेत. पहिला, फ्लायव्हीलला जादा वजन बसवणे. जड फ्लायव्हील सावकाश वेग घेते, सावकाश सोडते. ताकद तेवढीच राहते, पण इंजिन पटकन बंद पडत नाही आणि चाकही कमी घसरते. दुसरा, पुढच्या स्प्रॉकेटचे दात १४ वरून १३ करणे. मागच्या ४८ दातांच्या स्प्रॉकेटला जवळपास चार दात वाढवल्याइतका फरक पडतो. मग अगदी हळू जातानाही क्लच सारखा दाबावा लागत नाही. कमाल वेग घटतो, पण पायवाटेवर तो हवाय कुणाला?

उंच उड्यांसाठी कडक ठेवलेले सस्पेन्शनही थोडे मऊ करून घ्या. मात्र एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. आणि हो, हेल्मेट व उंच बुटांना पर्याय नाही!