रोज अर्धा तास चाला म्हणतो, पण चालायचं कुठे?



डायबेटिस, बीपी, थायरॉईड यांवर मी इथे नेहमी लिहितो. आज रस्त्यावर लिहिणार आहे. "डॉक्टर, हा तुमचा विषय नाही," असं काही जण म्हणतील. आधी वाचा, मग ठरवा.

माझ्याकडे 68 वर्षांचे एक काका गेली अकरा वर्षं डायबेटिससाठी येतात. वेळेवर गोळ्या, जेवणात शिस्त, रोज संध्याकाळी चालणं. तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए1सी, सातच्या आसपास. असा पेशंट आला की आम्हा डॉक्टरांना बरं वाटतं. मागच्या पावसाळ्यानंतर आले तेव्हा तीच शुगर नऊच्या वर होती. गोळ्या त्याच, जेवण तेच. खोदून विचारलं तेव्हा काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमी चालाले सांगता, पन चालू कुठी?"

झालं असं होतं, की संध्याकाळी रस्त्याच्या कडेनं जाताना मागून आलेल्या एका मोटारसायकलचं हँडल त्यांच्या कोपराला लागलं आणि ते पडले. हाड मोडलं नाही, नुसतं खरचटलं. गाडीवाला थांबलाही नाही. पण काकांच्या मनात भीती बसली आणि काकूंनी त्यांचं बाहेर पडणं बंद केलं. मी काय केलं? गोळीचा डोस वाढवला. म्हणजे दुखणं रस्त्याचं आणि औषध काकांच्या पोटात.

हा अपघात कुठेच नोंदलेला नाही. पोलिसांकडे नाही, दवाखान्याच्या अपघात रजिस्टरमध्ये नाही. सरकारी आकडेवारीनुसार 2022 साली देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसं गेली. दिवसाला साधारण 460. मरणाऱ्यांत 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते आणि जवळपास पाचातला एक पायी चालणारा. आमचे काका या आकड्यांत नाहीत. भीतीपोटी घरी बसलेल्या आणि त्यामुळे शुगर, बीपी, वजन वाढलेल्या माणसांची मोजणी कोण करणार?

आपल्या बुलडाणा जिल्ह्याला रस्ते अपघात म्हटलं की 1 जुलै 2023 ची रात्र आठवते. सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि 25 जण गेले. त्यानंतर कितीतरी दिवस चर्चा चालली. टायर, ड्रायव्हरची झोप, सरळसोट रस्त्यावर येणारी गुंगी, बसचे दरवाजे. ती चर्चा व्हायलाच हवी होती. पण गावातला रस्ता माणसं एकेक करून जखमी करतो. तिथे कॅमेरे येत नाहीत.

मध्यंतरी जिल्ह्यातल्या एका गावात रस्ता सुरक्षेवर बैठक होती. मला "वैद्यकीय बाजू मांडा" म्हणून बोलावलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तुमच्या गावातही हेच झालं असतं. दुकानदार म्हणाले, सगळा घोळ हातगाड्यांचा. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, आम्ही कडेला बसतो, दुकानापुढे उभ्या गाड्या कोणाच्या? ऑटोवाले म्हणाले, कॉलेजची पोरं बेफाम चालवतात. एक पोरगा उठून म्हणाला, म्हातारी माणसं न बघता मधेच घुसतात. निवृत्त मास्तर म्हणाले, लोकांना शिस्तच नाही. दोन तास गेले. शेवटी एकच गोष्ट सगळ्यांना पटली: ब्रेकर टाका! माझी वैद्यकीय बाजू चहाबरोबर थंड झाली. ती आता इथे मांडतो.

त्या बैठकीत प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता, चूक कोणाची? दवाखान्यात आम्ही हा प्रश्न फारसा विचारत नाही. पेशंट गोळी घ्यायला विसरणार, हे धरूनच आम्ही दिवसातून तीनदाऐवजी एकदा घ्यायची गोळी लिहितो. माणूस चुकणार, हे आधी मान्य करायचं आणि त्या चुकीची किंमत जीव असू नये याची सोय करायची. स्वीडनच्या संसदेनं 1997 साली रस्त्यांसाठी हेच तत्त्व स्वीकारलं. लहान मूल चेंडूमागे धावणारच, म्हातारा माणूस चुकीचा अंदाज करणारच, तरणा पोरगा घाईत असणारच. मग अशा माणसांसाठी रस्ता कसा हवा?

वेगापासून सुरुवात करू. ताशी 30 किलोमीटर वेगानं जाणारी गाडी सेकंदाला 8 मीटरपेक्षा थोडं जास्त जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद धरा. त्यात 8 मीटर गेले, पुढे थांबायला पाचेक मीटर. एकूण 13 मीटर. आता वेग 50 करा. पहिल्या एका सेकंदातच 14 मीटर गेले. म्हणजे 13 मीटरवर मूल रस्त्यात आलं, तर 30 वाली गाडी त्याच्या पुढ्यात थांबते आणि 50 वाल्यानं अजून ब्रेकच दाबलेला नसतो. तो पूर्ण वेगानं धडकतो. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे 30 च्या तुलनेत 50 ला ती पावणेतीन पट होते. आणि हे हाड कोणाचं? तुमचं-माझंच. कवटी आणि खुब्याचं हाड गाडीचा ब्रँड बघून मोडत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग 1 टक्क्यानं वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे कमाल वेग 30 ठेवावा असं म्हटलं आहे. आपल्याकडे 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारसायकलला कमाल 60 आणि कारला 70 ची मुभा आहे. राज्याला ती मर्यादा कमी करता येते. बाजारातून 60 नं मोटारसायकल! तुम्ही म्हणाल, गर्दीत कोण 60 नं जातो? दुपारी दोनला आणि रात्री दहाला रस्त्यावर उभे राहून बघा.

आता रस्ता ओलांडणाऱ्याकडे बघू. धडधाकट माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं सहसा धरलं जातं. 12 मीटर रुंद रस्ता तो 10 सेकंदांत पार करतो. गुडघे झिजलेल्या आजीचा वेग 0.8 मीटर असतो, तिला 15 सेकंद लागतात. त्या जादा पाच सेकंदांत 50 च्या वेगानं येणारी गाडी 70 मीटर पुढे येते. आजी निघाली तेव्हा ती गाडी तिला धोक्याची वाटलीच नव्हती. "म्हातारी न बघता घुसली" म्हणणाऱ्या त्या पोराला हे हिशोब करून सांगायला हवं होतं.

त्यात आमच्या पेशंटांची आणखी दुखणी असतात. मोतीबिंदू पिकत असेल तर समोरून येणारा पांढरा एलईडी दिवा डोळ्यांत फुटतो, मग काही क्षण काहीच दिसत नाही. जुन्या डायबेटिसमध्ये पायाची संवेदना कमी होते, नालीवरची हललेली फरशी पायाला कळत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी उठल्या-वाकल्यावर गरगरतं. अशा माणसाला आपण गाड्या, खड्डे आणि उघडी नाली यांच्या मधल्या दोन फुटांत चालायला लावतो. पडून खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन, महिनाभर अंथरूण, त्यात न्यूमोनिया, बेडसोर. कितीतरी आजी-आजोबा त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. काही तर वर्षही काढत नाहीत.

बैठकीत ठरलेल्या ब्रेकरचं काय झालं तेही ऐका. रातोरात टाकला, उंच आणि अरुंद, वर पांढरा पट्टा नाही. काही आठवड्यांनी एक बाई दवाखान्यात आणल्या. नवऱ्याच्या गाडीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, हातात पिशवी. अंधारात ब्रेकर दिसला नाही, गाडी उडाली आणि त्या पाठीवर पडल्या, डोकं आपटलं. शुद्ध हरपत चालली होती. आम्ही जमेल ते केलं आणि पुढे पाठवलं. आपल्याकडून मेंदूच्या ऑपरेशनसाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. त्या वाचल्या. पण आजही नावं विसरतात.

म्हणजे ब्रेकर नकोत का? हवेत, पण नियमाप्रमाणे. इंडियन रोड काँग्रेसच्या जुन्या मानकात गोलाकार ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच सांगितला आहे, त्यावर पट्टे आणि आधी सूचनाफलक. असा ब्रेकर गाडीचा वेग 25 वर आणतो, गाडी उडवत नाही. शाळेपुढे आणि दवाखान्यापुढे तर रस्ता ओलांडायची पट्टीच फुटपाथच्या उंचीला आणावी, गाडीनं चढावं आणि माणसानं सपाट चालावं. गरोदर बायका, मणक्याचे पेशंट आणि अँब्युलन्सचे ड्रायव्हर दुवा देतील. आणि हो, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट. हा विषय काढला की लोक माझ्याकडे असे बघतात जणू मी लग्नात सुतकाची गोष्ट काढली.

हातगाड्यांबद्दल माझं मत बैठकीतल्या बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. भाजीवाली मावशी हटवून फुटपाथ मोकळा होत नाही, तिथे दुसऱ्या दिवशी चारचाकी लागते. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यात शहर विक्रेता समितीची तरतूद आहे. जागा आखून द्या, मागे चालायला वाट ठेवा. उलट संध्याकाळी ठेले असले की उजेड असतो, वर्दळ असते आणि बायकांना चालायला धीर येतो. माझा राग फुकट पार्किंगवर आहे. दुकानदार भाऊ म्हणतात, पार्किंग गेलं तर धंदा बसेल. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले तेव्हाही हीच भीती होती. आज तिथे लोक मुद्दाम चालायला जातात. डिसेंबर 2021 मध्ये लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन केला होता, तेव्हाही गर्दी उसळली. पुणं मोठं शहर, मान्य. पण चपला, कपडे, औषधं विकत घेतात ते पायच, चाकं नाहीत. तुमच्या दुकानापुढे दिवसभर उभी गाडी बहुतेक वेळा तुमची स्वतःची असते, हे रागावू नका, जरा बाहेर येऊन बघा.

"आपल्याकडचे लोक चालतच नाहीत, फुटपाथ कशाला?" हाही एक युक्तिवाद ऐकतो. मग आषाढीनंतर श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते, तेव्हा खामगाव ते शेगाव कोण चालतं? 16-17 किलोमीटर! मला जिना चढवत नाही म्हणणारे माझे पेशंट त्या दिवशी पहाटे निघतात आणि शेगावला पोचून मला फोन करतात, "डॉक्टर, काही झालं नाही." गुडघे तेच असतात. फरक एवढाच, की त्या दिवशी रस्ता चालणाऱ्यांचा असतो, गाड्या दुसरीकडून जातात आणि जागोजागी पाणी, उजेड, बसायला जागा असते. मला गावात रोज 16 किलोमीटर नकोत. घरापासून बाजारापर्यंत सलग, उजेडाचा, पाच-सहा फुटांचा फुटपाथ हवा.

आणि ही काही मेहेरबानी नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वापरण्याजोगे फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं आहे, आणि ते दिव्यांगांनाही वापरता यावेत असंही. तेव्हा अर्ज करताना हात जोडून विनंती नको, हक्कानं लिहा.

काय लिहायचं? या रविवारी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा हात धरून घरापासून चौकापर्यंत चाला. कुठे कुठे रस्त्यावर उतरावं लागलं, कुठे दिवा बंद होता, कुठे नाली उघडी होती, रस्ता ओलांडायला किती वेळ थांबलात, ते फोटोसह टिपून ठेवा. तो कागद नगर परिषदेत द्या आणि पोच घ्या. रस्ता राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला द्या, कारण "तो रस्ता आमच्याकडे नाही" हे उत्तर हमखास मिळतं. एक प्रत माझ्याकडे दिलीत तर "या रस्त्यावर चालणं माझ्या पेशंटांच्या प्रकृतीला धोक्याचं आहे" असं माझ्या लेटरहेडवर लिहून सोबत जोडीन. दुसऱ्या डॉक्टरांनीही तसं करावं, आपल्या सहीला अजून थोडी किंमत आहे.

काका सध्या गच्चीवर चालतात. बावीस पावलांची गच्ची, रोज शंभर फेऱ्या. शुगर थोडी खाली आली आहे. परवा मात्र तक्रार घेऊन आले, एकाच बाजूनं वळून वळून गरगरतं म्हणाले. मी त्यांना फेऱ्या उलट्या दिशेनं मारायला सांगितलं आहे.