ग्रामीण साहित्यातील राजकारण : एका गृहीताची तपासणी

मराठी ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत एक गृहीत इतके रुळून गेले आहे की त्याला आता कोणी गृहीत म्हणतही नाही. पूर्वी गाव एकजीव होते. स्वातंत्र्यानंतर ग्रामपंचायत आली, विकास सोसायटी आली, साखर कारखाना आला, त्यांच्या पाठोपाठ निवडणुका आल्या आणि गाव दुभंगले, असे ते गृहीत आहे. ग्रामीण कादंबरीवरील बहुतेक प्रबंधांत ‘बदलते ग्रामजीवन’ या नावाचे एक प्रकरण असते आणि त्यात ‘राजकारणाचा शिरकाव’ हे उपशीर्षक हमखास आढळते. ‘शिरकाव’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. जे मुळात घरातले नसते तेच शिरकाव करते. राजकारण ही गावाबाहेरून आलेली बाधा आहे, हे मत त्या एका शब्दातच ठरून गेलेले असते. पुढे कादंबऱ्यांतील उतारे केवळ त्याच्या पुष्टीसाठी जमवले जातात.

या गृहीताला कायद्याच्या इतिहासाचाही आधार मिळत नाही. परगणे व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० सालचा. महार वतनासह कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ सालचा. महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आणि जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या त्या १ मे १९६२ रोजी. म्हणजे पिढीजात सत्तेचे विसर्जन आणि निवडलेल्या सत्तेची स्थापना या दोन्ही घटना सुमारे बारा वर्षांच्या अवधीत एकमेकींत गुंतून घडल्या. गावात सत्ता नव्हती आणि ती नव्याने आली, असे झालेले नाही. होती ती सत्ता मतपेटीतून मागावी लागू लागली, इतकेच. वतनदाराच्या सत्तेला राजकारण म्हणावयाचे नाही आणि उमेदवाराच्या सत्तेला मात्र म्हणावयाचे, हा भेद कोणत्या निकषावर केला जातो?

शंकर पाटील यांची ‘टारफुला’ (१९६४) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. पाटलाच्या मृत्यूनंतर गावात निर्माण होणारी सत्तेची पोकळी आणि ती भरून काढण्यासाठी चाललेली चढाओढ हा या कादंबरीचा गाभा आहे. तेथे ग्रामपंचायतीची निवडणूक नाही, पक्ष नाही, प्रचाराची गाडी नाही. तरीही दहशत, गटबाजी, डावपेच आणि कागद हाती असलेल्या कुलकर्ण्याचे महत्त्व हे सर्व आहे. ‘टारफुला’ला राजकीय कादंबरी म्हणण्यास समीक्षक कचरतात, कारण राजकीय कादंबरी म्हणजे मंत्रालयाची कादंबरी असा संकेत ‘सिंहासन’नंतर (१९७७) दृढ झाला. वस्तुतः लोकशाहीपूर्व गावातील सत्तेची इतकी नेमकी चिकित्सा मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

‘बनगरवाडी’चे (१९५५) उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, वाडीचा शब्द चालविणारा कारभारी, सर्वांच्या श्रमातून उभी राहिलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेली वाडी या कथानकातून समूहजीवनाचे जे चित्र उभे राहते, त्याची थोरवी निर्विवाद आहे. परंतु या कादंबरीवरील लेखनात औंध संस्थानच्या एका वैशिष्ट्याचा उल्लेख सहसा येत नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या या संस्थानाने १९३९ साली गावपंचायतीला पायाभूत मानणारी राज्यघटना स्वीकारली होती आणि तिच्या मसुद्यामागे महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते. स्थानिक स्वराज्याचा असा प्रयोग झालेल्या भूमीतील वाडीकडे समीक्षा ‘आदिम’, ‘काळाच्या बाहेरची’ अशा विशेषणांनी पाहते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. माडगूळकरांच्या कलादृष्टीला काय दिसले आणि काय दिसले नाही, हा येथे मुख्य प्रश्न नाही; तालीम बांधण्याचा निर्णय, त्यासाठीची वर्गणी आणि श्रमाची वाटणी याला राजकारण म्हणावे असे वाचकांच्या तीन पिढ्यांना का वाटले नाही, हा आहे.

गाव एक होते, हे म्हणणारा आवाज कोणाचा, याची विचारणा दलित आत्मकथनांनी केली. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) यांतील गाव आणि ग्रामीण कथेतील गाव यांची वेशीपाशी गाठ पडते खरी, पण ती वेशीच्या दोन बाजूंनी. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर केलेला प्रहार सुपरिचित आहे. तो अभ्यासक्रमात दलित साहित्याच्या पत्रिकेत शिकवला जातो. ग्रामीण साहित्याच्या पत्रिकेत मात्र त्याची आठवण ठेवली जात नाही. पत्रिकांची ही विभागणी सोयीसाठी केलेली होती. ती हळूहळू विचाराची विभागणी होऊन बसली.

या संदर्भात ‘बिनविरोध’ या शब्दाचा विचार केला पाहिजे. पंचायतीची निवडणूक बिनविरोध झाली की गावाचे कौतुक होते, ‘एकोपा टिकला’ असे म्हटले जाते. काही ठिकाणी तो एकोपा खराही असतो. खर्च वाचतो, भावकीतील वैर टळते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, त्या पदांचा जाहीर लिलाव झाल्यामुळे. बोली लावण्याची ऐपत ज्याला नाही, त्याचा विरोध तेथे नोंदवलाच गेला नाही, म्हणून निवडणूक बिनविरोध. ग्रामीण कथेतील पारावरच्या एकमताकडे या घटनेच्या प्रकाशात पाहिले, तर तेथे गप्प बसलेली माणसे दिसू लागतात. राजन गवस यांची ‘तणकट’ (१९९८) किंवा आसाराम लोमटे यांच्या कथा याच गप्प माणसांपाशी जाऊन थांबतात, आणि म्हणूनच त्या ‘शिरकावा’च्या चौकटीत नीट बसत नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही चौकट अगदीच अपुरी ठरते. जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे १९८९ साली शेतकरी महिला आघाडीच्या प्रेरणेने केवळ स्त्रियांचे पॅनेल पंचायतीवर निवडून आले. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. इतका मोठा बदल घडूनही मराठी कादंबरीत सरपंच बाई येते ती बहुधा नवऱ्याची सही करणारी म्हणून, किंवा विनोदाचा विषय म्हणून. वास्तवात तसे घडते हे खरेच. ते तेवढेच घडते असे मानणे मात्र लेखकाच्या निरीक्षणाचे नव्हे, त्याच्या सवयीचे लक्षण आहे.

गावाने स्वतःच्या राजकारणाविषयी स्वतः लिहिले नाही, अशीही एक समजूत आहे. मुकुंदराव पाटील यांचा ‘दीनमित्र’ तिला उत्तर देण्यास पुरेसा आहे. १९१० साली सुरू झालेले हे साप्ताहिक अहमदनगर जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून दशकानुदशके निघत राहिले. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात, वाचक शेतकरी. याच संपादकाने ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिले, तेव्हा ओवीबद्ध पोथीचा साचा उचलून त्यात गावकामगाराच्या लबाडीची कथा भरली. पोथी ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला सत्तेची चिकित्सा त्याच्याच ओळखीच्या लयीत ऐकवण्याची ही युक्ती वाङ्मयीन आहे, केवळ प्रचारकी नव्हे. तरीही ग्रामीण साहित्याच्या उगमाची चर्चा करताना पुण्यामुंबईच्या मासिकांतील कथांपासूनच आरंभ केला जातो, आणि मुकुंदरावांचा उल्लेख सत्यशोधकी वाङ्मयाच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याची प्रथा आहे.

या साधनांची आजची अवस्था चांगली नाही. तालुक्याच्या गावांतून निघणाऱ्या आणि बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक कोणत्याही ग्रंथालयात सलग मिळतील याची शाश्वती नसते. संपादकाच्या वारसांनी ते रद्दीत घातल्यावर विषयच संपतो. ग्रामपंचायतीच्या इतिवृत्ताची वही तर वाङ्मयाच्या अभ्यासकाने उघडण्याची वस्तूच मानली जात नाही. ‘सूचक’, ‘अनुमोदक’, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ या ठरीव शब्दांच्या मधे कधी एखादी ‘विरोध नोंदवून घ्यावा’ अशी ओळ येते, आणि बोलीत भांडणारा माणूस प्रमाण मराठीत कसा उतरवला गेला हे तेथे प्रत्यक्ष दिसते. बोलीचा अभ्यास करणाऱ्या विभागाने कादंबरीतील संवादांइतकाच या वहीचाही विचार करावयास हवा. एका तालुक्यातील पाच-सहा गावांच्या १९५९ नंतरच्या वह्या आणि त्याच परिसरातील कथाकारांचे लेखन समोरासमोर ठेवून एखादा एम.फिल.चा प्रबंध पूर्वीच सिद्ध होऊ शकला असता. ती पदवी आता बंद झाली आहे. वह्या, जेथे वाळवीने सोडल्या आहेत तेथे, अजून आहेत.