भाव आणि मोल

सुरत हे नाव मराठी वाचकाच्या मनात १६६४ आणि १६७० या दोन सालांशी जडलेले आहे. शिवछत्रपतींनी ज्या संपत्तीवर दोनदा हात घातला, ती व्यापाराची संपत्ती होती. वीरजी व्होरांसारखे सावकार तेथे इंग्रजांच्या वखारीला कर्ज पुरवीत. वखार सुरतेत असली तरी तिचे भागभांडवल लंडनमध्ये होते. सातासमुद्रापलीकडच्या वखारीत आपल्या वाट्याचे नेमके किती आहे, हे तिकडच्या सामान्य भागधारकाने कसे जाणावे? साडेतीनशे वर्षे लोटली, पण हा प्रश्न अद्याप जुना झालेला नाही.

आजच्या सुरतेत हिऱ्याला पैलू पाडणारे आहेत, कापडाचे व्यापारी आहेत आणि खानदेशातून पोटासाठी गेलेले आपले हजारो यंत्रमाग कामगारही आहेत. एके काळी शेअर हा पेढीवाल्यांचा विषय होता. आता खिशातल्या मोबाइलवरून कारागीरही शेअर घेऊ लागला आहे. अशा नव्या भागधारकांपुढे २९ ऑक्टोबर २०२४ रोजी एक अजब आकडा येऊन उभा राहिला. मुंबईच्या एलसिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा शेअर, ज्याचा आधीचा भाव ३ रुपये ५३ पैसे होता, तो त्या दिवशी २,२५,००० रुपयांवर उघडला आणि २,३६,२५० रुपयांवर बंद झाला. एमआरएफला मागे टाकून तो देशातील सर्वांत महाग शेअर ठरला. 'तीन रुपयांचे सव्वादोन लाख' ही वार्ता गावोगावी पोहोचली आणि असा दुसरा शेअर कोठे मिळेल, याची विचारणा सुरू झाली.

त्या दिवशी चमत्कार काहीच घडला नव्हता, हे आम्हांस स्पष्टपणे सांगावयाचे आहे. एलसिडचा कारखाना नाही आणि तिचा माल बाजारात येत नाही. १९४२ साली स्थापन झालेल्या एशियन पेंट्सच्या संस्थापक कुटुंबांपैकी वकील कुटुंबाची ही गुंतवणूक कंपनी होय. एशियन पेंट्सचे जवळपास तीन टक्के भांडवल तिच्या पदरी असून हजारो कोटींचे तिचे मोल मुख्यतः त्यातच आहे. एलसिडचे एकूण शेअर मात्र अवघे दोन लाख आहेत. हिशेब मांडला तर प्रत्येक शेअरचे पुस्तकी मूल्य पाच लाखांच्या वर जात होते. म्हणजे तिजोरी पूर्वीही भरलेलीच होती. दारावरची पाटी तेवढी खोटी होती.

पाटी खोटी का राहिली? पाच लाखांचा ऐवज साडेतीन रुपयांना कोण विकेल? विकणारा नाही म्हणून सौदा नाही आणि सौदा नाही म्हणून भाव हलत नाही, असे हे चक्र होते. दिवसाला पाच टक्के याच गतीने भाव चढत गेला असता, तरी सव्वादोन लाखांवर पोहोचण्यास सुमारे २२७ व्यवहारदिवस, म्हणजे जवळपास एक वर्ष लागले असते. आणि तेही रोज कोणीतरी विकावयास तयार असता तर. ज्या शेअरचा भाव साडेतीन रुपये, त्यावर वर्षाला २५ रुपये लाभांश मिळत होता, यावरूनच त्या भावाची किंमत कळावी.

ही कोंडी 'सेबी'ने फोडली. २० जून २०२४ च्या परिपत्रकाने अशा कंपन्यांसाठी दरमर्यादा नसलेला खास लिलाव ठरविण्यात आला. निम्म्याहून अधिक मालमत्ता शेअरांत गुंतलेली असावी, सहा महिन्यांचा सरासरी भाव पुस्तकी मूल्याच्या निम्म्याहून कमी असावा आणि लिलावात किमान पाच खरेदीदार व पाच विक्रेते असावेत, अशा अटी घातल्या गेल्या. हे पाऊल योग्यच होते. उशीर झाला, एवढेच म्हणावे लागेल.

या प्रकरणातील खरा मुद्दा मात्र लहान भागधारकाचा आहे. मागे प्रवर्तकांनी प्रत्येक शेअरला १,६१,०२३ रुपये हा आधारभाव ठरवून कंपनी बाजारातून काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला होता. सामान्य भागधारकांची पुरेशी संमती न मिळाल्याने तो बारगळला. बाजाराच्या पाटीवर विसंबून त्यांनी मान डोलावली असती, तर आपलेच धन त्यांनी स्वस्तात देऊन टाकले असते. भाव आणि मोल यांतील फरक त्यांनी ओळखला, हे त्यांचे शहाणपण होय.

तरीही नव्या खरेदीदारांनी सबुरी धरावी. सव्वादोन लाखांच्या शेअरवर २५ रुपये लाभांश म्हणजे शंभर रुपयांमागे जेमतेम एक पैसा. मूळ गुंतवणूक विकावयाची की नाही, हे प्रवर्तक ठरविणार. लहान भागधारकाला तिजोरी दिसते, किल्ली मिळत नाही. म्हणूनच अशा कंपन्यांचे शेअर पुस्तकी मूल्याहून बरेच खाली विकले जातात. त्यात अन्याय थोडा असेल, पण तर्कही आहे. 'दुसरी एलसिड' म्हणून कोणी कवडीमोल शेअर गळ्यात मारू लागला, तर त्या कंपनीच्या पदरी काय आहे, हे आधी ताळेबंदात पाहावे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धारक कंपनीने आपल्या गुंतवणुकीचे चालू मूल्य दर शेअरमागे किती पडते, हे दर तिमाहीस देशी भाषांतूनही प्रसिद्ध करावे. ज्यांच्या घरी वडिलांच्या ट्रंकेत जुनी भागपत्रे असतील, त्यांनीही ती एकदा उघडून पाहावीत. सलग सात वर्षे लाभांश न उचलल्यास शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. मात्र रीतसर अर्ज करून ते परत मिळविता येतात. सुरतेच्या सावकाराला आपल्या वखारीतील गाठोडी मोजता येत होती. आपल्या भागधारकालाही तेवढे जमले पाहिजे.