राग मुंगीवर, अभय वारुळाला

घरात मुंग्या झाल्या की जो तो सेनापती होतो. एक जण फवाऱ्याचा डबा उचलतो, दुसरा खडू शोधतो, तिसरी ओट्यावर हळदीची रेघ ओढते. ज्याला काहीच करायचं नसतं तो ‘बिचाऱ्या मुक्या जिवांना कशाला मारता’ म्हणत पेपरात डोकं घालतो. या चौघांशीही माझं भांडण आहे. चौघेही ओट्यावरच्या रांगेकडे बघतात, आणि रांग येते कुठून हे कोणीच बघत नाही.

फवारेवाल्यांचा पक्ष सर्वांत मोठा, म्हणून आधी त्यांचा समाचार. त्यांचं म्हणणं सोपं आहे: मुंग्या मेलेल्या डोळ्यांना दिसतात, आणखी पुरावा काय हवा? मेल्या हे खरं, पण कोण मेल्या? अन्न शोधायला बाहेर पडणाऱ्या कामकरी मुंग्या म्हणजे वसाहतीचा लहानसा हिस्सा, आणि त्याही बहुधा म्हाताऱ्या. राणी, अंडी, अळ्या आणि बाकीचा सारा गोतावळा दाराच्या चौकटीमागे, फरशीखाली, स्विचबोर्डच्या पेटीत नाहीतर कुंडीच्या मातीत निवांत असतो. बाहेर गेलेल्या परतल्या नाहीत तर त्यांच्या जागी दुसऱ्या निघतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

इथवर फवारा फक्त निरुपयोगी ठरतो. काही जातींच्या बाबतीत तो उलटतो. फॅरो मुंगी नावाची एक बारीक, पिवळसर जात जगभरच्या घरांत आणि इस्पितळांत आढळते. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. फवाऱ्याने त्रास झाला की वसाहत फुटते. एक टोळी अंडी-अळ्या उचलून न्हाणीघरात बिऱ्हाड करते, दुसरी देवघरामागे. काल एका घराचा प्रश्न होता, आज दोन घरं झाली. फवारा मारणारा मात्र सांगत सुटतो, ‘हल्लीच्या मुंग्या औषधालाही दाद देत नाहीत.’

हाच अविचार सरकारी खर्चाने केला की काय होतं, ते अमेरिकेने दाखवून दिलं आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली लाल आगमुंगी मोबिल बंदरातून दक्षिणेकडच्या राज्यांत पसरली. 1957 मध्ये तिथल्या कृषी खात्याने तिच्या समूळ नाशाची मोहीम उघडली आणि डिल्ड्रिन, हेप्टाक्लोर या विषांचा विमानांतून मारा केला. पक्षी मेले, वन्य प्राणी मेले, आगमुंगीशी टक्कर देणाऱ्या स्थानिक मुंग्याही मेल्या. रिकाम्या झालेल्या जमिनीवर आगमुंगीच पुन्हा पसरली. रेचेल कार्सनने 1962 च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात या मोहिमेची सालं काढली. लहानपणी मोबिलमध्येच या मुंग्या पाहिलेल्या, पुढे मुंग्यांचा अभ्यासक झालेल्या ई. ओ. विल्सनने या साऱ्या प्रकाराला कीटकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं. आपणही मागे नव्हतो. गॅमेक्सिनची पूड एके काळी उंबऱ्याशी रांगोळीच्या सहजतेने टाकली जायची. तिच्यातल्या बीएचसी या कीटकनाशकावर 1997 मध्ये देशात बंदी आली. मुंग्या आहेत तिथेच आहेत.

खडूवाल्यांना वाटतं की आपण फवारेवाल्यांपेक्षा सौम्य. खडूतही सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशीच कीटकनाशकं असतात, आणि तो दिसतो शाळेतल्या खडूसारखा. रांगतं मूल ज्या फरशीवर हात टेकून तोच हात तोंडात घालतं, तिथे या रेघा मारायच्या आणि वर ‘आम्ही घरात विष वापरत नाही’ असं म्हणायचं, याला धारिष्ट्य लागतं. हळद, हिंग, लवंग, कापूर हा पक्ष त्या मानाने निरुपद्रवी. मुंग्या वासाच्या मागावर चालतात. मध्ये उग्र वासाची पूड आली की त्या घोटाळतात, थोडा वेळ इकडेतिकडे करतात आणि वळसा घालून पुन्हा साखरेच्या डब्याशी पोचतात. तेवढ्या वेळात निरोप फॉरवर्ड झालेला असतो: ‘रामबाण उपाय, करून बघा.’

यापेक्षा मला जास्त राग आहे तो एका शेऱ्याचा. मुंग्या झाल्या म्हणजे घरात स्वच्छता नाही, असं म्हणतात. हे बोलणं फिरून फिरून सुनेवर नाहीतर कामाच्या बाईवर येतं, पंख्याखाली बसून बिस्किटाचा चुरा सांडणाऱ्यावर कधीच नाही. सांडलेली साखर मुंग्यांना बोलावते हे कोण नाकारतो? पण कॅलिफोर्नियातल्या घरांत शिरणाऱ्या अर्जेंटिनी मुंग्यांचा डेबोरा गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा घरातली त्यांची ये-जा मुख्यतः हवामानावर चालते असं निघालं. थंड-ओला किंवा कोरडा-उष्ण काळ आला की त्या आत येतात. रहिवाशांनी औषध मारलं काय, न मारलं काय, फारसा फरक पडला नाही. हे 2001 मध्ये छापून आलं. आपल्याकडे मुंग्या अंडी तोंडात धरून वर चढू लागल्या की पाऊस आलाच, असं सांगणारी आजी हेच जाणत असते. तीच आजी जूनमध्ये सुनेच्या ओट्याला नावं ठेवते, एवढंच.

आता भूतदयावाले. झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांना पीठ-साखर घालणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. मुंग्या वाळवी फस्त करतात, अंगणात त्यांचं राज्य खुशाल असू द्यावं. पण मुंगीमुळे कोणाचं काय बिघडतं, हा प्रश्न मात्र भाबडा आहे. ब्रिटनमधल्या इस्पितळांत फॅरो मुंग्या रोगजंतू अंगावर वागवतात, हे 1972 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं होतं. गटारातून येणारी मुंगी बाळाच्या दुधाच्या बाटलीवर चढते, तेव्हा दया कोणावर करायची ते ठरवावं लागतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, रांग पुसायच्या आधी ती वाचा. टॉर्च घेऊन उलट दिशेने तिच्या मागे जा. ती टाइलच्या सांध्यात, खिडकीच्या चौकटीत किंवा नळाच्या भोकाशी संपेल. मग माग साबणाच्या पाण्याने पुसा आणि फट पांढऱ्या सिमेंटने बुजवा. पुष्कळदा रांग कुंडीपाशी पोचते. तिथे जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरे पिठ्या ढेकूण नाहीतर मावा असतो. त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकट रस मुंग्या पितात आणि बदल्यात त्याची राखण करतात. इथे ओटा दहा वेळा पुसून काही होत नाही, जास्वंद धुवायला हवी. खिडकीला टेकलेली फांदी हा तर मुंग्यांसाठी बांधलेला पूलच.

जुन्या घरांतलं दुधा-तुपाचं जाळीचं कपाट आठवा. त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असत. मुंगी न मारता केलेला इतका पक्का बंदोबस्त दुसरा नाही, आणि मोड्यूलर किचनच्या हौसेत आपण तो भंगारात घातला. आजही मांडणीखाली वाट्या ठेवता येतात. पाणी मात्र दर आठवड्याला बदलावं, नाहीतर मुंग्या घालवून डेंग्यूचे डास पाळल्यासारखं होईल.

एवढ्यानेही भागलं नाही तर विष वापरा, पण ते मुंगीकडूनच घरट्यात पोचवा. मोठी झालेली मुंगी घन कण गिळत नाही, ती पातळ अन्न पोटात साठवून घरी नेते आणि तोंडाने दुसऱ्या मुंग्यांना, अळ्यांना, राणीला भरवते. म्हणून हळू मारणारं आमिष हवं. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक पावडर, तीच जी कॅरमच्या फळीवर वर्षानुवर्षं भुरभुरवली गेली. कापसाचा बोळा भिजवून झाकणात ठेवा, मुलांच्या आणि मांजराच्या हाती लागणार नाही अशा जागी, आणि उरलेल्या बाटलीवर नाव लिहा. हात सैल सोडून बोरिक जास्त घालणारे इथेच फसतात. मुंगी वाटेतच मरते किंवा तोंडच लावत नाही. तूप, शेंगदाण्याचा कूट यांच्यामागे लागणाऱ्या लाल मुंग्या पाकाकडे बघणारही नाहीत, त्यांचं आमिष तेलकटच हवं.

यावर ठरलेला आक्षेप असा की फवारा क्षणात मारतो आणि या पाकाला पंधरवडाही लागू शकतो. लागतो खरा. शिवाय पहिल्या दिवशी झाकणाभोवती मुंग्यांची जत्रा भरते आणि घरचे लोक आमिष ठेवणाऱ्याला वेड्यात काढतात. पण फवारा मारतो ती रांग, पाक पोचतो तो राणीपर्यंत. तेव्हा झुरळांसाठी वर्षाचं कंत्राट घेतलेला पेस्ट कंट्रोलवाला दारात आला, की मुंग्यांसाठी तो काय करणार हे आत घेण्याआधीच विचारा. ‘आमिषही ठेवतो आणि तिथेच फवारणीही करतो’ म्हणाला, तर आमिषाचे पैसे देऊ नका. फवारलेल्या वाटेने मुंगी ते आणायला जाणारच नाही.