सोबत कोण आहे?

कोलकात्याच्या एस्प्लनेडला, म्हणजे तिथल्या लोकांच्या धर्मतल्याला, जिल्ह्याजिल्ह्यांतून बसगाड्या येतात. उतरणाऱ्यांत पक्षाघाताचे रुग्णही असतात. पुढे मेट्रोने रवींद्र सदन तिसरे स्थानक, आणि तिथून एसएसकेएम, म्हणजे जुने पीजी हॉस्पिटल, जवळच. खरी कसोटी लागते ती बसच्या पायऱ्यांवर. खाली उभी असलेली बायको किंवा सून लुळा हात धरून रुग्णाला ओढून घेते. पक्षाघातानंतर सैल पडलेल्या खांद्याला असा हिसका काय करतो, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. एक हात कमरेच्या पट्ट्याला, आपला गुडघा त्याच्या दुबळ्या गुडघ्याला टेकवलेला, उतरताना आधी दुबळा पाय, हे तिला कुणी दाखवलेलेच नसते. तिची स्वतःची कंबर कधीपासून धरली आहे, हेही कुणी विचारलेले नसते. लातूरच्या किंवा सांगलीच्या एसटी स्थानकावर याहून वेगळे काही दिसत नाही.

मग घरच्यांना शिकवू या, असे आपण लगेच म्हणतो. उचलणे-बसवणे शिकवायलाच हवे, दोघांच्याही जिवासाठी. पण त्यापुढे जाऊन पुनर्वसनच घरच्यांवर सोपवायचे का? या प्रश्नाचा शोध आपल्याच देशात घेतला गेला आहे. ‘अटेंड’ या चाचणीत भारतातल्या 14 केंद्रांमधले 1250 रुग्ण होते. घरच्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले गेले. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबन यांत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक नाही. नवा पुरावा मिळेपर्यंत, कुटुंबावर काम सोपवणाऱ्या नव्या सेवांवर खर्च करण्याला या निष्कर्षांचा आधार नाही, असे संशोधकांनी स्पष्टच लिहिले.

या निष्कर्षाची आपल्यात व्हायला हवी तेवढी चर्चा झाली नाही, असे आम्हाला वाटते. कारण तो अडचणीचा आहे. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट मिळत नाही, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी चार व्यायाम दाखवून आपण मोकळे होतो. त्या घाईत ऐकणारीचे अर्धे लक्ष बिलाकडे आणि अर्धे गाडीकडे असते. घरी गेल्यावर रुग्ण सुधारला नाही, तर ‘घरच्यांनी करून घेतले नाही’ असा शेरा मारायलाही आपण तयार असतो. हा शेरा अन्यायाचा आहे, आणि तो आता थांबला पाहिजे.

कुटुंबाला बरोबर घेण्याची आपली परंपरा वेगळी आहे. 1950च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावले. तिथे घरची माणसे होती ती डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, एकटी पडलेली नव्हती.

सरकारकडेही मागायला जागा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहूंसाठी महिना 600 रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी आहे, पण राबणाऱ्या माणसाची निदान दखल घेतली गेली. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज कुठे आणि कसा करायचा, हे आपल्या दवाखान्यातून सांगितले गेले नाही, तर बहुतेकांना ते कळतही नाही.

आमची विनंती एवढीच आहे: केसपेपरवर रुग्णाच्या नावाखाली सोबत राहणाऱ्याचेही नाव आणि फोन लिहा. तपासणीला आल्यावर तिचेही बीपी बघा, रात्री किती वेळा उठावे लागते ते विचारा. ती आजारी पडली तर तिच्या जागी कोण, याचे उत्तर डिस्चार्जआधीच मिळवा आणि उत्तर नसेल तर फेरतपासणीची तारीख अलीकडची द्या. काळजीवाहूंना देण्यासाठी मराठीत काही पत्रक तुम्ही तयार केले असेल, तर आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात ते छापू.